कापसात संशोधन करण्यासारखं काय आहे?

दिवाळीत एका माजी विद्यार्थिनीची आई घरी आली. "मॅडम, तुम्हीच समजवा तिला. चार वर्षं झाली, पोरगी कापसातच अडकली. आमचा जन्म पऱ्हाटीत गेला, त्यात शोधण्यासारखं काय आहे?" मुलगी रसायनशास्त्रात पीएच.डी. करतेय. विषय सेल्युलोजची रेणुरचना.

आईचं चुकलं नाही. चुकलं आम्हा शिक्षकांचं. 'सेल्युलोज हे ग्लुकोजचे बहुवारिक असून वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत असते' एवढं फळ्यावर लिहायचं आणि पुढचा धडा. हीच मुलगी नववीत विचारत होती, "मॅडम, स्टार्च पण ग्लुकोजचंच ना? मग भाकरी पचते, कापूस का नाही?" मी म्हणाले होते, "ते परीक्षेला नाही."

खरं तर हे वर्गातच दाखवता येतं. मुलांना हात धरून रांगेत उभं करा. सगळ्यांची तोंडं एकीकडे असतील तर ते स्टार्च. एकाआड एक मूल उलटं फिरवलं की सेल्युलोज. जोडणीतल्या एवढ्याशा फरकामुळे स्टार्चची साखळी स्प्रिंगसारखी वळत जाते, सेल्युलोजची सरळ राहते. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात, हायड्रोजन बंध त्यांना घट्ट धरून ठेवतात. ही जोडणी तोडणारं विकर आपल्या शरीरात नाही. (गाईच्याही नाही म्हणा, तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात.) भाकरीवर आयोडिनचा थेंब टाका, निळा-काळा होतो. कापसावर तपकिरीच राहतो.

आणि हा विषय संपलेला नाही, हे तर आपण मुलांना कधी सांगतच नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पायाँ यांनी १८३८ मध्ये सेल्युलोज वेगळं केलं. त्यातल्या हायड्रोजन बंधांसकट बारीक आराखडा निशियामा, लँगन आणि शांझी यांनी मांडला तो थेट २००२ मध्ये, तोही कापसावरून नव्हे, ट्युनिकेट या समुद्री प्राण्याच्या आवरणातल्या सेल्युलोजवरून! वनस्पतीच्या एका सूक्ष्म तंतूत साखळ्या किती, यावर अजून वाद आहे. पूर्वी ३६ धरत, आता १८ की २४ असं चाललंय. माझी विद्यार्थिनी याच प्रश्नावर काम करते. नमुना वाळला की शेजारचे तंतू एकमेकांना चिकटतात आणि मूळची मांडणी बिघडते. तिचे आठ महिने त्यातच गेले.

हे सगळं मी ताईंना सांगितलं, स्वयंपाकघरात बसून. घरात टिंक्चर आयोडिन होतं, तेही करून दाखवलं. त्या बराच वेळ कापसाच्या बोळ्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे हे अजून कोणालेच माहीत नाही?"

"पक्कं नाही, ताई."

मग उठता उठता म्हणाल्या, "आणि नोकरी?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तसंच सांगितलं.