मास्तर, तुमीच म्हना

दिवाळीच्या फराळाबरोबर वाद वाढू नये हे खरे. परंतु हा वाद माझा माझ्याशीच आहे. आमच्या यवतमाळला 1953 पासून 1983 पर्यंत, पुण्यास जाईतो, युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. तिथल्या विद्येबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती माझ्यासारख्या, चार ग्रीक शब्द कानांवर पडताच ताठ होणाऱ्या अर्धवटांबद्दल!

वेचणीचे दिवस होते. एका खेड्यातल्या उपासनेत दिवसभर कापूस वेचून आलेली म्हातारी मोठ्याने म्हणाली, "येशूबापा, नातवाचा ताप उतरव." उपासना आटोपल्यावर मी तिला समजावले की येशू हा पुत्र, बाप नव्हे. माझे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. पुढच्या खेपेस तिची पाळी आली, तेव्हा ती पुटपुटली, "मले का समजते, मास्तर? तुमीच म्हना." नातवाचा ताप उतरला की नाही, हे विचारायचे मला सुचलेसुद्धा नाही.

मग काय अडाणीच राहावे? छे! पंडिता रमाबाईंना 1878 साली कलकत्त्यात 'सरस्वती' ही पदवी मिळाली होती. त्या बाईंनी हिब्रू-ग्रीकचा अभ्यास केला तो केडगावच्या मुक्तिसदनातल्या साध्या बायकांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र उतरवण्यासाठी. 1922 साली त्या वारल्या. 1924 साली भाषांतर निघाले. जड मराठी त्यांना येत नव्हती थोडीच! त्यांची विद्या बायकांच्या पंक्तीला जमिनीवर बसली. आमची अजून खुर्ची मागते.

सिद्धान्त बुडेल, अशी ओरड आमचे पंडित करतीलच. करोत बापडे.

म्हातारी अजून आहे. नाताळात मी तिकडे जाणार आहे. प्रार्थना तिनेच करावी म्हणून विनवीन, आणि ती "येशूबापा" म्हणाली, तर "आमेन" म्हणेन.