पावतीपुस्तक बंद करू नका

गेल्या जूनमध्ये आमच्या मोहल्ल्याच्या पुस्तकपेढीचा हिशेब आम्ही वहीतून मोबाइलवर आणला. आधी ५० रुपये अनामत भरायची, पुढच्या आठवड्यात जुन्या पाठ्यपुस्तकांचा संच न्यायचा आणि वर्षाअखेर तो परत करून पैसे घ्यायचे, एवढाच कारभार. पायथनमध्ये छोटं वेब अ‍ॅप लिहिलं आणि नोंदी ठेवायला टायनीडीबी घेतलं.

हा डॉक्युमेंट डेटाबेस. नेहमीच्या तक्त्यात रकाने आधी आखून घ्यावे लागतात. आमच्याकडे कुणी अर्धाच संच नेतो, कुणाकडे रियाजीचं पुस्तक भावाचं असतं, कुणाचा फोन नंबर शेजाऱ्यांचा. इथे प्रत्येक नोंद म्हणजे सुटी चिठ्ठी. तिच्यावर लागेल तेवढंच लिहायचं. सगळ्या चिठ्ठ्या जेसन नावाच्या मांडणीत एकाच फाइलमध्ये राहतात. वेगळा सर्व्हर लागत नाही. फाइल पेनड्राइव्हवर घेतली की बॅकअप झाला.

ती फाइल उघडली तर उर्दू-मराठी नावांच्या जागी नुसते आकडे! अलिफच्या जागी ०६२७, ‘अ’च्या जागी ०९०५. माहिती शाबूत होती, फक्त इंग्रजीबाहेरची अक्षरं संकेतांकात जात होती. ‘एन्शुअर अ‍ॅस्की’ला ‘फॉल्स’ केलं, एन्कोडिंग यूटीएफ-८ दिलं आणि नावं वाचता येऊ लागली. आपल्या भाषांत काम करणाऱ्यांनी ही ओळ पहिल्याच दिवशी लिहावी.

दुसरी चूक मात्र जिव्हारी लागली. संच वाटताना एका खालांचं नाव सापडेना. मी म्हणाले, “खाला, अनामत राहिलीय.” त्या म्हणाल्या, “टीचर, मी दिली होती ना.” मागे रांग होती. त्यांनी आणखी काही न बोलता पुन्हा ५० रुपये काढून ठेवले. रात्री पावतीपुस्तक चाळलं, तर त्यांच्या पावतीची स्थळप्रत समोर!

अनामत घेताना आम्ही दोघी दोन मोबाइलवर नोंदी करत होतो. टायनीडीबी प्रत्येक नोंदीला अख्खी फाइल वाचतं, बदल करतं आणि अख्खी फाइल नव्यानं लिहितं. दोघींनी एकाच क्षणी बटण दाबलं, तर दोघींना जुनीच फाइल मिळते आणि नंतर लिहिणारी पहिलीची चिठ्ठी पुसून टाकते. चूक झाल्याची सूचनाही येत नाही. एकाच वेळी अनेक ठिकाणांहून लिहायचं असेल तर हे वापरू नका, असं त्याच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट दिलंय. मुलांना ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणणाऱ्या मी ते वाचलंच नव्हतं.

आता लिहिण्याच्या जागी ‘लॉक’ घातलाय. एक नोंद पुरी झाल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही. अ‍ॅप एकाच प्रोसेसमध्ये चालतं, तोवर हे पुरे. व्याप वाढला तर एसक्यूलाइट घेऊ. लिहिताना फाइलला कुलूप घालायचं काम ते स्वतः करतं आणि जेसन चिठ्ठ्याही त्यात ठेवता येतात.

स्थळप्रतींशी ताडून पाहिलं तेव्हा एकूण ४ नावं गळालेली निघाली. खालांचे पैसे दुसऱ्या दिवशी घरी नेऊन दिले. त्यांनी चहा पाजला आणि नवी पावती मागून घेतली.