जुन्या गाडीचा स्टिरिओ : काढण्यापूर्वी तपासावा

व्यापारी कुटुंबात गाडी ही हौसेपेक्षा कामाची वस्तू मानली जाते. वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली, एका हाताखाली चाललेली दहा-बारा वर्षांची गाडी विकून नवी घेण्याची घाई अशा घरात सहसा होत नाही, आणि हिशेबाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. तथापि एका बाबतीत ही गाडी घरातील तरुणांना जुनी वाटू लागते. तिचा मूळ स्टिरिओ कॅसेट किंवा सीडी वाजवतो. मोबाइलमधील गाणी, प्रवचने वा बातम्या त्यावर ऐकता येत नाहीत. मग कोणीतरी सुचवतो की, हा डबा काढून टाकावा आणि मोठ्या पडद्याचा नवा संच बसवावा. सूचना आकर्षक असते; परंतु जे हवे आहे ते बहुतेक गाड्यांत मूळ स्टिरिओ न काढता, एकही वायर न कापता मिळू शकते, हे अनेकांना ठाऊक नसते.

येथे एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. ब्लूटूथ म्हणजे इंटरनेट नव्हे. फोन आणि स्टिरिओ यांच्यामधील वायरीची जागा घेणारी ही कमी पल्ल्याची रेडिओ जोडणी आहे. एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा या कंपन्यांनी १९९८ मध्ये तिच्यासाठी संघटना स्थापन केली, आणि दहाव्या शतकातील एका डॅनिश राजाच्या टोपणनावावरून तिला नाव मिळाले. फोनमध्ये आधीच साठवलेले गाणे ब्लूटूथवर ऐकताना डेटा खर्च होत नाही. डेटा लागतो तो गाणे इंटरनेटवरून थेट ऐकताना. सेकंदाला ३२० किलोबिट अशा उत्तम दर्जाने ऐकल्यास तासाला सुमारे १४४ एमबी, म्हणजे पाच तासांच्या प्रवासात ७२० एमबी डेटा लागतो. घाटात मोबाइलची रेंज गेली की गाणे थांबते, तो दोष ब्लूटूथचा नसतो. आवडीची गाणी घरच्या वायफायवर आधी उतरवून ठेवल्यास डेटाही वाचतो आणि खंडही पडत नाही.

आपल्या स्टिरिओचे दार कोणते?

प्रत्येक जुन्या स्टिरिओत बाहेरचा आवाज आत घेण्याचे एखादे दार असते. ते ओळखणे हे पहिले काम. त्यासाठी गाडीसोबत मिळालेली पुस्तिका काढावी, आणि स्टिरिओचा दर्शनी भाग, हातमोज्यांचा कप्पा व गिअरजवळील खण नीट पाहावा.

'ऑक्स' असे लिहिलेले साडेतीन मिलिमीटरचे गोल छिद्र आढळल्यास प्रश्न जवळजवळ सुटला असे समजावे. आगपेटीएवढा ब्लूटूथ रिसीव्हर घ्यावा, त्याची पिन ऑक्समध्ये घालावी, त्याला यूएसबीवरून वीज द्यावी आणि फोन त्याच्याशी जोडावा. आवाजाचा दर्जाही यात चांगला मिळतो. एक बारकावा ध्यानात ठेवावा. फोनचा आवाज कमाल मर्यादेच्या थोडा खाली ठेवून कमी-जास्त करणे स्टिरिओच्या बटणाने करावे. फोनचा आवाज अगदी लहान ठेवून स्टिरिओचा वाढवल्यास गाण्याबरोबर खरखरही वाढते.

यूएसबीचे तोंड दिसले की मात्र अनेकांची फसगत होते. जुन्या स्टिरिओतील यूएसबी बहुधा केवळ पेन ड्राइव्हवरील गाणी वाचण्यासाठी असते. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा यूएसबी ब्लूटूथ रिसीव्हरना त्या तोंडातून फक्त वीज मिळते. आवाज आत जाण्यासाठी ऑक्सची वायर जोडावीच लागते. ऑक्स नसलेल्या गाडीसाठी असा रिसीव्हर घेतल्यास तो उजळतो, फोनशी जोडलाही जातो, पण गाडीत शांतताच राहते. म्हणून दुकानदाराला 'यूएसबीचा आहे का?' असे न विचारता 'याचा आवाज स्टिरिओत कोणत्या मार्गाने जातो?' असे विचारावे.

कॅसेटचा स्टिरिओ असेल तर तेही उत्तम दार आहे. कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर मिळतो. त्यात फीत नसते. एक छोटे चुंबकीय हेड असते. ते स्टिरिओच्या हेडसमोर येऊन फितीप्रमाणेच बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि स्टिरिओ त्याला कॅसेट समजून वाजवू लागतो. यात वायरीचा आणि ब्लूटूथचा असे दोन्ही प्रकार आहेत. अडॅप्टर घेण्यापूर्वी एखादी जुनी कॅसेट वाजवून यंत्रणा चालू आहे ना, हे पाहावे. आणि स्टिरिओचे हेड साफ करून घ्यावे, कारण मळक्या हेडवर नवा अडॅप्टरही घोगराच वाजतो. ब्लूटूथ अडॅप्टरमध्ये बॅटरी असते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि बंद गाडीच्या आतील उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. अशा वेळी बॅटरीचे कोणतेही साधन गाडीत ठेवून जाऊ नये.

काही स्टिरिओंच्या मागील बाजूस सीडी चेंजरसाठी वेगळी जोडणी दिलेली असते. तिथे बसणारा ब्लूटूथ अडॅप्टर स्वतः सीडी चेंजर असल्याचे भासवतो. यात आवाज स्वच्छ मिळतो आणि बाहेर काही दिसत नाही. परंतु तो त्याच मॉडेलसाठी बनवलेला असावा लागतो व स्टिरिओ बाहेर काढूनच बसवावा लागतो.

यांपैकी काहीच नसेल, तर शेवटचा मार्ग एफएम ट्रान्समीटरचा. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारे हे साधन फोनमधील आवाज एका एफएम लहरीवर पाठवते आणि गाडीचा रेडिओ तो पकडतो. ते प्रत्येक गाडीत चालते, स्वस्तही असते. पण त्याची मर्यादा शहरात कळते. मुंबईत ९१.१, ९२.७, ९३.५, ९८.३ अशी केंद्रे एकापाठोपाठ एक आहेत. मोकळी लहर सापडणे कठीण जाते, आणि सापडली तरी दुसऱ्या शहरात पोहोचताच तिच्यावर तेथील केंद्र ऐकू येऊ लागते. अधूनमधून गावाला जाणाऱ्यास हे पुरेसे आहे. रोज शहरात फिरणाऱ्यास ते लवकरच कंटाळवाणे होते.

संच बदलण्याची खरी किंमत

नवा संच बसवणे चुकीचे आहे, असे नाही. जुना स्टिरिओ बंद पडला असेल, किंवा मागचा कॅमेरा आणि नकाशा यांचीही गरज असेल, तर तो अवश्य घ्यावा. परंतु त्याची खरी किंमत केवळ पावतीवरच्या आकड्याएवढी नसते.

स्टिरिओच्या खाचेचे प्रमाणित माप १८० बाय ५० मिलिमीटर आणि दुप्पट उंचीचे १८० बाय १०० मिलिमीटर असे आहे. ज्या गाडीत हे माप आहे तेथे नवा संच सहज बसतो. तथापि काही गाड्यांत, उदाहरणार्थ २००५ मध्ये भारतात आलेल्या स्विफ्टच्या वरच्या श्रेणीत, स्टिरिओ डॅशबोर्डच्या घडणीतच सामावलेला असतो. तेथे वेगळी चौकट लागते. ती नीट बसली नाही तर खड्ड्यांतून जाताना प्लास्टिक आयुष्यभर कुरकुरत राहते. स्टीअरिंगवरील बटणे नव्या संचावर चालतील की नाही, हेही आधी विचारावे लागते.

सर्वांत मोठा धोका वायरिंगचा. घाईतील कारागीर मूळ सॉकेट कापतो, वायरी पिळून जोडतो आणि वर चिकटपट्टी गुंडाळतो. उन्हाळ्यात त्या पट्टीचा डिंक वितळतो, जोड उघडा पडतो आणि शॉर्टसर्किटला वाट मिळते. अशा चुकीतून गाडीला आग लागू शकते. त्यामुळे आपल्या गाडीच्या मॉडेलचे तयार सॉकेट वापरून, मूळ वायर न कापता काम करणार असाल तरच करा, असे कारागिराला स्पष्ट सांगावे. नव्या जोडणीला योग्य क्षमतेचा स्वतंत्र फ्यूज असलाच पाहिजे. डॅशबोर्डमधील पिवळ्या वेष्टणाच्या वायरी आणि पिवळी सॉकेटे बहुधा एअरबॅगची असतात. त्यांना कोणीही हात लावू नये.

आणखी एक बाब. अनेक कंपन्यांचे मूळ स्टिरिओ बॅटरीची जोडणी सुटली की गुप्त संकेतांक मागतात. तो संकेतांक पुस्तिकेसोबतच्या छोट्या कार्डावर असतो. कारागिराने बॅटरीला हात लावण्यापूर्वी हे कार्ड सापडते का, ते पाहावे. अन्यथा चालू स्थितीतील स्टिरिओ मुका होतो आणि सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या सुरू होतात.

विम्याचाही विचार हवा. कंपनीने मूळ बसवून दिलेल्या वस्तू गाडीच्या विमा मूल्यात धरलेल्या असतात. नंतर बसवलेला महाग संच विमापत्रात वेगळा नोंदवून त्यासाठी जादा हप्ता भरावा लागतो. नोंद नसेल, तर चोरी झाल्यावर त्या संचाची भरपाई मिळण्याची आशा धरू नये.

खरखर आणि उतरलेली बॅटरी

रिसीव्हर जोडल्यावर काही गाड्यांत शिट्टीसारखा बारीक आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की त्याची पट्टी चढत जाते. रिसीव्हर बिघडला असे वाटून लोक तो परत करतात. वस्तुतः हा आवाज अल्टरनेटरचा असतो. रिसीव्हरला वीज एका मार्गाने आणि ऑक्सच्या वायरीतून अर्थिंग दुसऱ्या मार्गाने मिळाले की हा दोष उद्भवतो. ऑक्सच्या वायरीत लहान 'ग्राउंड लूप आयसोलेटर' जोडला की तो बहुधा थांबतो. रिसीव्हरला स्वतःची बॅटरी असेल, तर चार्जिंगची वायर काढून पाहावी. आवाज थांबला तर कारण हेच होते, असे निश्चित समजावे.

गाडीची बॅटरी उतरणे ही दुसरी तक्रार. काही गाड्यांत चावी काढल्यावरही लायटरच्या सॉकेटमध्ये वीज चालूच राहते. समजा, एखादे साधन सतत ५० मिलिॲम्पिअर वीज घेत आहे. म्हणजे दिवसाला १.२ आणि वीस दिवसांत २४ ॲम्पिअर-तास. लहान गाडीची बॅटरी ३५ ॲम्पिअर-तासांची असेल, तर कुटुंब यात्रेहून परतेपर्यंत तिची दोन-तृतीयांश शक्ती संपलेली असते. चावी काढून रिसीव्हरचा दिवा विझतो का, एवढे पाहावे. विझत नसेल तर उतरताना तो काढून ठेवण्याची सवय लावावी.

गोपनीयता आणि चालकाचे लक्ष

व्यापाऱ्याचा फोन गाण्यांपेक्षा वसुली, भाव आणि देण्याघेण्याच्या बोलण्याने अधिक वाजतो. मायक्रोफोन असलेला रिसीव्हर फोनशी जोडलेला असताना असे बोलणे गाडीतील सर्वांना, शेजारी बसलेल्या ग्राहकालाही, ऐकू जाते. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये कॉल बंद ठेवून फक्त गाणी चालू ठेवण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते. पडद्याचे नवे संच तर फोनमधील नावे व क्रमांक स्वतःकडे उतरवून घेऊ शकतात. गाडी विकताना कागदपत्रांबरोबर ही यादीही पुसून टाकावी. पेढीचे ग्राहक कोणाच्या हाती जातील, हा प्रश्न लहान नाही.

याहून मोलाचे आहे ते चालकाचे लक्ष. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. गाणे बदलण्यासाठी तीन सेकंद नजर खाली गेली, तर पन्नास मीटर रस्ता न पाहताच ओलांडला जातो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार वाहन चालवताना हातात फोन घेऊन वापरणे धोकादायक वाहन चालवण्यात धरले जाते. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद, एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. यास्तव गाण्यांची यादी निघण्यापूर्वी लावावी, आणि मधला फेरफार शेजारी बसलेल्याने करावा.

शेवटी हिशेब

खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. पुढे नूतनीकरण करावे लागते. समजा, गाडी बारा वर्षांची आहे आणि ती नोंदणी संपेपर्यंतच ठेवायची आहे. पंधरा हजारांचा नवा संच उरलेल्या तीन वर्षांत वर्षाला पाच हजारांना पडतो, आणि गाडी विकताना त्याची किंमत फारशी मिळत नाही. हजार रुपयांचा रिसीव्हर वर्षाला साडेतीनशेच्या आत पडतो, आणि गाडी गेली तरी तो दुसऱ्या गाडीत लावता येतो. शिवाय मूळ स्टिरिओ जागेवर राहतो, वायरिंग अभंग राहते आणि वापरलेली गाडी घेणाऱ्याला शंका घेण्यास जागा उरत नाही.

म्हणून क्रम असा असावा : प्रथम पुस्तिका पाहावी, नंतर स्टिरिओचे दार ओळखावे, मग पुन्हा काढता येईल असा सर्वांत साधा जोड लावून महिनाभर वापरावा. तेवढ्याने गरज भागली नाही, तरच नव्या संचाचा विचार करावा. काढता येणारा जोड चुकला तर हजार रुपयांचे नुकसान होते. कापलेली वायर मात्र पूर्ववत होत नाही.