शेतातले पिल्लू पोरके नसते

मराठीत ‘ससा’ या एकाच शब्दाने आपण दोन निराळे प्राणी ओळखतो. एक पिंजऱ्यातला पांढरा, पाळीव. दुसरा अमरावती-अकोल्याकडे पऱ्हाटीत किंवा धुऱ्यावरच्या गवतात दिसणारा तपकिरी रानससा. हा घोटाळा रानसशाच्या पिल्लांच्या जिवावर बेततो, असे माझे मत आहे.

पाळीव ससा मूळचा युरोपातील, बिळात राहणारा. त्याचे शास्त्रीय नाव ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. आपला रानससा लेपस निग्रिकॉलिस. पाळीव सशाच्या पेशीत ४४ गुणसूत्रे असतात, तर लेपस प्रजातीत ४८. दोघांचा संकर होत नाही.

पाळीव सशाची पिल्ले सुमारे ३० दिवसांत जन्मतात. ती उघडीनागडी असतात, डोळे मिटलेले असतात. पण बीळ त्यांचे रक्षण करते. रानससा बीळ खणत नाही. गवतात अंगाच्या मापाचा खळगा करून तो दिवसभर त्यातच दबून बसतो. त्याची पिल्ले आईच्या पोटात ४० दिवसांहून अधिक काळ वाढतात आणि अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच जन्मतात.

अशी पिल्ले एकेकटी, निश्चल बसून राहतात. आई मुद्दामच दूर असते. ती सारखी जवळ राहिली, तर कोल्हा, खोकड किंवा रानमांजराला पिल्लांचा पत्ता लागेल. युरोपातील तपकिरी रानसशांवर झालेल्या निरीक्षणांत मादी सूर्यास्तानंतर, दिवसातून एकदाच, काही मिनिटे दूध पाजताना आढळली आहे. मग निंदणाच्या किंवा सोयाबीन सोंगणीच्या वेळी दुपारी एकटे दिसलेले पिल्लू पोरके कसे समजावे?

तरीही दया येऊन मुले ते घरी नेतात आणि गाईचे दूध पाजतात. रानसशाचे दूध त्याहून कितीतरी स्निग्ध असते. परके दूध पिल्लाला सोसत नाही. पुष्कळदा ते दगावते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानससा पकडणे किंवा पाळणे गुन्हा आहे.

कोणी विचारील, समोर विळे चालले असताना त्याला तिथेच सोडायचे काय? नाही. मूठभर गवतासह अलगद उचलून त्याच शेताच्या धुऱ्यावर, जवळच्या गवतात ठेवावे आणि दूर व्हावे. जखमी असेल, तर वनविभागाला कळवावे.

मात्र त्यासाठी धुऱ्यावर गवत तर हवे! उन्हाळ्यात सगळेच धुरे जाळले, तर पिल्लाला लपायला जागा उरत नाही. निदान एखादा धुरा तसाच ठेवा, असे घरी सांगून पाहा.

पाठ्यपुस्तकांतही ‘पाळीव ससा’ आणि ‘रानससा’ अशी दोन नावे, दोन चित्रांसह यावीत. तोवर तुम्ही ती बोलण्यात वापरू लागा, आणि सोंगणीला जाणाऱ्या आई-काकूंना या पिल्लांविषयी आधीच सांगून ठेवा.