कुडा नापास झाला. पण परीक्षेला बसला होता कोण?

अतिसारावरील औषध म्हणून कुड्याची साल अठराव्या शतकात युरोपात नावाजली गेली आणि पुढे तितक्याच वेगाने बदनाम झाली. 'देशी औषधे अशीच' हा शेरा तेव्हापासून चालत आला आहे. मात्र बाजारात जाणारी साल पुष्कळदा औषधी कुड्याची नव्हतीच, हे त्याच काळातील इंग्रज ग्रंथकारांनी लिहून ठेवले आहे. #धागा

झाडे दोन आहेत. पांढरा कुडा म्हणजे ग्रंथांतला कुटज. त्याचे बी ते कडू इंद्रजव. काळा कुडा दिसायला त्याचा भाऊ, बी गोडे इंद्रजव. त्याची साल निर्गुण असल्याचे सांगून ती भेसळीला वापरतात अशी तक्रार तेव्हाच झाली होती.

गोंधळ नावातही होता. लिनियसने ज्याला अतिसारनाशक म्हटले ते झाड श्रीलंकेतले, तिसरेच. १८१० च्या सुमारास रॉबर्ट ब्राउनने राइटिया आणि होलार्‍हेना हे वंश वेगळे केले, तरी ते विशेषण भारतीय कुड्याला चिकटून राहिले.

आता धाराशिवकडे. बालाघाटाच्या कोरड्या पानझडी रानाला काळा कुडा मानवतो. पांढरा कुडा सह्याद्रीच्या पावसात मुबलक. म्हणून येथे 'कुड्याची साल' म्हणून हाती येणारी वस्तू कोणती, हा प्रश्न पहिला. व्ही. एन. नाईक यांचा उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९७९ पासून उपलब्ध आहे. तेव्हा अज्ञानाची सबब चालणार नाही. ओळखही अवघड नाही. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी जुळलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. काळ्याच्या पानांतून निळा रंग निघतो. आणि जीभ आहेच: पांढऱ्याचे बी कडू लागते.

दुसरी फसवणूक स्तुतिपाठकांची. 'कुडा जंतू मारतो, आता विज्ञानानेही मान्य केले' हे त्यांचे पालुपद. १८५८ साली हेन्सने सालीतून कोनेसिन वेगळे केले. पुढे ते मुख्यतः अमीबाजन्य आमांशावर वापरून पाहिले गेले आणि मज्जासंस्थेवरील दुष्परिणामांमुळे मागे पडले. अमीबा हा जिवाणू नव्हे, एवढा भेद तरी जाहिरातीत पाळला जावा! जिवाणूंबाबतचे काम निराळे आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुड्याच्या काढ्यामुळे अतिसारकारक ई. कोलाय पेशींना कमी चिकटले. निष्कर्ष मोलाचा आहे, पण तो प्रयोगशाळेतील पेशींवरचा. त्यावरून आजारी मुलाला काढा पाजण्याचा परवाना मिळत नाही.

विशेष म्हणजे प्राचीन ग्रंथ या स्तुतिपाठकांहून सावध आहेत. चरकसंहितेत कुटजाच्या सालीचा गौरव आहे. पण आमातिसारात आरंभीच मळ बांधणारे औषध देऊ नये, अडवलेला दोष अनेक विकार घडवतो, असा स्पष्ट निषेधही तेथेच आहे. गौरव तेवढा उचलायचा आणि निषेध गाळायचा, याला परंपरेचा अभिमान कसे म्हणावे?

अतिसारात जीव जातो तो बहुधा शरीरातले पाणी आणि क्षार संपल्याने. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणावर हजारो रुग्ण सांभाळले. टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढणाऱ्या गावात ते द्रावण आधी पोटात गेले पाहिजे. कुड्याची चर्चा त्यानंतर, आणि तीही कोणता कुडा हे विचारून.