गाडी थांबली की तापते, तेव्हा

मोटारीच्या इंजिनात जे इंधन जळते, त्याच्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भागच, ढोबळ हिशेबाने, गाडी ओढण्याच्या कामी येतो. उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा धुराबरोबर निघून जातो आणि जवळजवळ तेवढाच दुसरा वाटा इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यास वाहून न्यावा लागतो. हे तापलेले पाणी पुढल्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरते, तेथे वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनाकडे परतते. गाडी वेगात असली म्हणजे वारा आपोआप मिळतो. ती फाटकापाशी, टोलनाक्यावर किंवा शहरातील गर्दीत उभी राहिली की वारा थांबतो. इंजिन मात्र चालूच असते. अशा वेळी रेडिएटरमागील पंख्यानेच ती उणीव भरून काढावयाची असते.

जुन्या अँबेसडर गाडीत हा पंखा पट्ट्याच्या साहाय्याने इंजिनाबरोबरच फिरे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसविलेले होते. त्यामुळे रेडिएटरसमोर इंजिनाचा पट्टा आणणे सोयीचे नव्हते आणि पंख्यास विजेची स्वतंत्र मोटर देण्यात आली. आज बहुतेक छोट्या गाड्यांत हीच व्यवस्था आहे. हा पंखा गरज पडेल तेव्हाच फिरतो, म्हणून इंधन वाचते. तथापि तो बंद पडला, तर गाडी थांबेपर्यंत कोणाच्या ध्यानातही येत नाही.

यास्तव पहिली गोष्ट म्हणजे लक्षण नीट ओळखणे. सकाळी गाडी सुरू केल्यावर पंखा फिरत नाही, यात बिघाड काहीच नाही. पाणी साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावाचून बहुतेक गाड्यांचा पंखा लागतच नाही. गाडी उभी असता काटा चढतो आणि ती धावू लागताच उतरतो, असे वारंवार घडत असेल, तर संशय पंख्यावर घ्यावा. मोकळ्या रस्त्यावर धावतानाही गाडी तापत असेल, तर मात्र दोष बहुधा अन्यत्र असतो: पाणी कमी झालेले असेल, थर्मोस्टॅट अडकलेला असेल, पाण्याचा पंप निकामी झाला असेल किंवा रेडिएटर गाळाने वा धुळीने तुंबलेला असेल. अनेक नव्या गाड्यांत काटा नसतो, केवळ लाल दिवा असतो. तो लागला म्हणजे इशारा उशिरा मिळाला असे समजून तत्काळ थांबावे.

थांबावयाचे म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. प्रथम वातानुकूलन बंद करावे. सुरक्षित जागा येईपर्यंत दोन-चार मिनिटे गाडी हाकणे भागच असेल, तर आतील उष्ण हवेचा हीटर पूर्ण सोडावा; बसणाऱ्यांना तो नकोसा होईल, पण इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. जागा मिळताच इंजिन बंद करावे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. धातू अचानक आकसून तडा जाण्याचा धोका असतो.

रेडिएटरचे झाकण तर मुळीच उघडू नये. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही, हे आपल्या घरातील गृहिणी रोज अनुभवितात, आणि दाब उतरल्याखेरीज त्या झाकणास हात लावीत नाहीत. गाडीच्या पाण्यावरही जवळजवळ तेवढाच दाब असतो. झाकण फिरविताच तो दाब नाहीसा होतो, त्या क्षणी पाणी उसळून वाफ होते आणि ती थेट चेहऱ्यावर व हातांवर येते. यासाठी निदान तास-अर्धा तास वाट पाहावी. वरची नळी हातास कोमट लागू लागली, तरच झाकणास जाड फडके धरून ते सावकाश सैल करावे.

गाडी पूर्ण निवल्यावर तपासणीस आरंभ करावा. विजेवर चालणाऱ्या किंवा संकरित गाड्यांत उच्च दाबाची वीज असते, म्हणून त्यांना घरी हात लावू नये. इतर गाड्यांतही एक नियम कधी विसरू नये: काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद असतानाही आपण होऊन सुरू होतो. पात्यांजवळ हात न्यावयाचा असेल, तर आधी बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी आणि मुलांना बोनेटपासून दूर ठेवावे.

प्रथम टाकीतील पाण्याची पातळी पाहावी. पाणी कमी असले, तर तापमान मोजणारा संवेदक पाण्याऐवजी वाफेत किंवा हवेत राहतो, त्यास खरे तापमान कळत नाही आणि पंखा निर्दोष असूनही सुरू होत नाही. पाणी कमी दिसले, तर ते कोठून गळते हे शोधल्यावाचून केवळ भरून समाधान मानू नये.

दुसरी कसोटी फार सोपी आहे. हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन सुरू करावे, वातानुकूलन लावावे आणि बाहेर उभे राहून पाहावे. बहुतेक गाड्यांत मिनिटाभरात पंखा फिरू लागतो. तो अशा रीतीने फिरत असेल, पण उष्णतेने लागत नसेल, तर पंख्याची मोटर ठीक आहे. संशय संवेदकावर किंवा त्याच्या तारेवर येतो. दोन्ही वेळा तो निश्चलच राहिला, तर फ्यूज, रिले आणि मोटर या क्रमाने जावे. काही गाड्यांत दोन स्वतंत्र पंखे असतात. म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका पाहावी.

फ्यूजची तार तुटलेली दिसली, तर तितक्याच अँपिअरचा नवा फ्यूज बसवावा. जास्त क्षमतेचा फ्यूज, तांब्याची तार किंवा चांदीचा कागद कदापि वापरू नये. त्याने पंखा एखादे वेळी फिरेल, पण तारांना आग लागण्याचा धोका राहील. नवा फ्यूजही लगेच जळाला, तर मोटर जाम झाली आहे किंवा तार कोठे तरी घासून उघडी पडली आहे, असे समजावे. रिलेची परीक्षा खर्चाविना होते: अनेक गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच क्रमांकाचा असतो. दोन्हींवरील क्रमांक जुळत असतील, तर अदलाबदल करून पाहावी.

एवढ्यावर दोष सापडला नाही, तर मोटरकडे जाणारा जोड काढून पाहावा. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत, मग ते गाव रत्नागिरी असो वा विशाखापट्टणम, अशा जोडांवर हिरवट गंज चढतो आणि वीज पुढे जात नाही. जोड स्वच्छ असूनही पंखा फिरत नसेल, तर मोटरीस बॅटरीची १२ व्होल्टची वीज थेट देऊन पाहावी लागते. हे काम माहितगार मिस्त्रीकडूनच करवावे. थेट विजेवरही मोटर हलली नाही, तर ती बदलण्यावाचून गत्यंतर नाही. ती फिरली, तर दोष तारांत, संवेदकात किंवा गाडीच्या संगणकात आहे आणि तो गॅरेजमधील यंत्राने वाचता येतो. मिस्त्रीस आपण केलेली ही निरीक्षणे क्रमाने सांगावीत. त्यामुळे चांगला भाग उगाच बदलला जाण्याचे टळते.

पाणी भरताना पुस्तिकेत सांगितलेला कूलंटच योग्य प्रमाणात घालावा. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीस गोड आणि अत्यंत विषारी आहे. त्याचा डबा मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि सांडलेला द्रव लगेच धुऊन टाकावा. कुत्र्या-मांजरांच्या जिवासही त्याचा धोका असतो.

फ्यूज वा रिले या थोड्या खर्चाच्या वस्तू आहेत. त्यांच्याकडे दुर्लक्ष करून ‘आता घर जवळच आले’ म्हणत तापलेली गाडी पुढे रेटली, तर अॅल्युमिनियमचे हेड वाकते, त्याखालचे गॅस्केट जळते आणि इंजिन उघडण्याची वेळ येते. सुट्टीत गावी निघण्यापूर्वी एखाद्या सायंकाळी गाडी उभी ठेवून इंजिन दहा-पंधरा मिनिटे मोकळ्या हवेत चालू द्यावे आणि काट्यावर नजर ठेवून पंख्याचा आवाज येतो का, ते ऐकावे. आवाज आला, तर निश्चिंतपणे सामान बांधावे. काटा चढूनही न आला, तर प्रवासाआधी गॅरेज गाठावे.