सेकंड हँड डिझेल फोर बाय फोर घेताय? किलोमीटरच्या आधी 'बीएस' बघा

गेल्या तीन महिन्यांत मी माझ्या एका मित्रासोबत अकरा गाड्या बघितल्या. त्याला टूरिंगसाठी सेकंड हँड डिझेल फोर बाय फोर घ्यायचीय. पावसाळ्यात सह्याद्री, एकदा कधीतरी लडाख, आणि हिवाळ्यातली स्पिती हे त्याचं जुनं स्वप्न. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझं काम म्हणजे एक्सेल शीट बनवणं आणि स्कॅनर घेऊन मागे उभं राहणं.

पहिल्या आठवड्यात आमच्या शीटमध्ये चार कॉलम होते: मॉडेल, वर्ष, किलोमीटर, किंमत. महिन्याभरात लक्षात आलं की सगळ्यात महत्त्वाचा कॉलम राहूनच गेलाय. गाडी बीएस-३ आहे, बीएस-४ आहे की बीएस-६? गेल्या वर्षभरात जे काही घडलंय, त्यानंतर ही गाडी कुठे जाऊ शकेल, किती वर्षं चालेल आणि बिघडली तर किती खर्च येईल, हे किलोमीटरपेक्षा हाच आकडा जास्त ठरवतो. कसं ते बघूया.

दिल्लीच्या गाड्या इतक्या स्वस्त का?

ऑनलाइन शोधायला लागलं की पहिली भुरळ पडते ती दिल्लीच्या गाड्यांची. तीच फॉर्च्युनर, तेच वर्ष, पण पुण्यापेक्षा कितीतरी कमी भाव. कारण सगळ्यांना माहीत असतं, पण अर्धवट.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असा नियम आला आणि लोकांच्या संतापामुळे काही दिवसांत थांबवावाही लागला. १२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ वयाच्या आधारावर मालकांवर सक्तीची कारवाई करू नका. मग डिसेंबर २०२५ मध्ये त्याच आदेशात दुरुस्ती झाली: हे संरक्षण फक्त बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना. बीएस-३ आणि त्याआधीच्या गाड्यांवर कारवाई करता येईल.

म्हणजे काय झालं? दहा वर्षं सगळी चर्चा गाडीच्या वयावर होती. आता ती इंजिनाच्या प्रदूषण-मानकावर आलीय. सेकंड हँड बाजार मात्र अजून बऱ्याच अंशी वयावरच भाव लावतो. या फरकात चांगला सौदाही मिळू शकतो आणि फसगतही होऊ शकते.

मी तर पुण्यात राहतो, मला काय त्याचं?

घर ते ऑफिस आणि महिन्यातून एकदा महाबळेश्वर एवढंच करायचं असेल, तर फारसं काही नाही. महाराष्ट्रात खाजगी डिझेल गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. २० वर्षांवरच्या कारसाठी नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ मध्ये वाढून १०,००० रुपये झाली, इतकंच.

पण आपला विषय टूरिंग आहे. नकाशा उघडा आणि पुणे ते मनाली रस्ता टाका. जयपूरपर्यंत प्रश्न नाही. पुढे मात्र गुरुग्राम, दिल्ली, सोनिपत, पानिपत, कर्नाल हे सगळं एनसीआर. दिल्ली टाळून नारनौल-अंबाला मार्गे गेलात तरी वाटेत रोहतक, जिंद लागतात, तेही एनसीआरच. बीएस-३ गाडी घेऊन हिमालयात जायचं तर हा सगळा पट्टा धास्तीत पार करायचा किंवा हिसारकडून लांबचा वळसा घ्यायचा.

बीएस-४ वाल्यांनीही लगेच निश्चिंत होऊ नये. हिवाळ्यात दिल्लीची हवा बिघडली की 'ग्रॅप' नावाचा टप्प्याटप्प्याचा आराखडा लागू होतो. त्याच्या तिसऱ्या टप्प्यात दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगर इथे बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल चारचाकींवर निर्बंध येतात. डिसेंबर २०२५ मध्ये तर दिल्लीबाहेर नोंदणी झालेल्या, बीएस-६ पेक्षा जुन्या गाड्यांना अशा काळात दिल्लीत प्रवेशच बंद केला गेला. हे पाच भाग टाळून जाता येतं, पण ते आधी ठरवून जावं लागतं. रात्री दोन वाजता गुगल मॅप्स 'फास्टेस्ट रूट' दाखवतंय म्हणून गेलात, तर फसाल.

आरसीवरचं वर्ष फसवू शकतं

इथे एक बारकावा आहे, जो आम्हालाही उशिरा कळला. बीएस-४ देशभर लागू झालं १ एप्रिल २०१७ ला. पण दिल्ली-एनसीआर आणि मुंबई, पुण्यासह १३ मोठ्या शहरांत ते २०१० पासूनच होतं. म्हणजे २०१३ ची, पुण्यात नोंदलेली स्कॉर्पिओ बीएस-४ असेल आणि त्याच वर्षीची, छोट्या जिल्ह्याच्या ठिकाणी नोंदलेली स्कॉर्पिओ बीएस-३ असू शकेल. दिसायला सेम टू सेम!

दुसरा सापळा २०२० चा. बीएस-६ लागू झालं १ एप्रिल २०२० ला. त्यामुळे '२०२० मॉडेल' एवढंच सांगणाऱ्या जाहिरातीतली गाडी दोन्हीपैकी काहीही असू शकते. 'एमपरिवहन' ॲपमध्ये नंबर टाकला की उत्सर्जन मानक दिसतं. बघायला एक मिनिट लागतो. आणखी एक खूण म्हणजे काचेवरचा नोंदणीचा स्टिकर: डिझेलचा केशरी असतो आणि बीएस-६ असेल तर त्यावर हिरवी पट्टी असते.

मग सरळ बीएस-६ घ्यावी?

इतकं सोपं असतं तर हा लेख इथेच संपला असता.

आपण बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर उडी मारली. डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साईडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली. कणांची ०.०२५ वरून ०.००४५ वर. हे नुसतं इंजिन ट्यून करून होत नाही. त्यासाठी सायलेन्सरच्या वाटेवर एक आख्खी छोटी रासायनिक फॅक्टरी बसवावी लागते.

त्यातला मुख्य भाग डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. तो भरत जातो आणि मग गाडी स्वतःच त्यातली काजळी साधारण ६०० अंशांवर जाळून टाकते. याला 'रीजनरेशन' म्हणतात. त्यासाठी एक्झॉस्ट तापलेला हवा, म्हणजे गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग बऱ्या वेगाने चालायला हवी. हायवेवर हे आपोआप होतं. रोज सिग्नल ते सिग्नल सहा किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ते पूर्णच होत नाही. अर्धवट रीजनरेशनमध्ये जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिक बघताना ऑइल कमी आहे का एवढंच बघू नका, खुणेच्या वर गेलंय का आणि डिझेलचा वास येतोय का तेही बघा.

म्हणजे उलटा हिशोब आहे बघा. शहरात फिरलेली '३० हजार किलोमीटर, डॉक्टरांची गाडी' आणि हायवेवर पळालेली ९० हजाराची गाडी, यांत बीएस-६ डिझेलसाठी दुसरी बरेचदा बरी. बऱ्याच मॉडेल्सना ॲडब्लू हे युरियाचं द्रावणही लागतं. ते संपलं की काही गाड्या पुन्हा स्टार्टच होत नाहीत. दुर्गम भागात जाताना एक कॅन सोबत ठेवावा लागतो.

आणि मग तो सल्ला येतोच: "काढून टाका ना तो फिल्टर, एक रीमॅप मारला की झालं." हे बेकायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आधीच्या मालकाने केलेलं असलं तरी आज आरसीवर नाव तुमचं असतं.

स्कॅनरने पकडलेली गोष्ट

आम्ही बघितलेल्या गाड्यांपैकी सातवी नाशिककडची. २०२१ ची, बीएस-६, आतून-बाहेरून चकाचक. सकाळी आठला पोचलो तर बॉनेट आधीच गरम. विक्रेता म्हणाला, "तुमच्यासाठी धुवून आणली, साहेब."

एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांमध्ये स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्ट असतो. हजार-दीड हजाराचा ब्लूटूथ डोंगल लावला की मोबाइलवर इंजिनाचा संगणक वाचता येतो. सगळे जण एरर कोड बघतात. कोड एकही नव्हता. पण ओबीडीच्या मानकात अजून एक नोंद आहे, जी बहुतेक गाड्या देतात: शेवटचे कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली. ती दोन बाइट्सची असते, म्हणजे ६५,५३५ पर्यंत मोजते. नीट असलेल्या गाडीत तिथे हजारोंचा आकडा दिसायला हवा. इथे होता ९.

"कालच बॅटरी बदलली," विक्रेता म्हणाला. असूही शकतं. आम्ही म्हटलं, मग लांब टेस्ट ड्राइव्ह देऊ. घाटात साधारण चाळीस किलोमीटर झाल्यावर डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला. परत आल्यावर त्याने न मागता साठ हजार कमी केले. आम्ही चहा घेतला आणि निघालो.

आणि फोर बाय फोरचं काय?

दोन गोष्टी. पहिली, नावावर जाऊ नका. फॉर्च्युनर आणि एंडेव्हर फोर बाय टूमध्येही विकल्या गेल्या. जानेवारी २०२३ पासून थारही फक्त मागच्या चाकांवर चालणारी मिळते. ट्रान्सफर केसचा लिव्हर किंवा नॉब डोळ्यांनी बघा. दुसरी, तो कच्च्या रस्त्यावरच तपासा. थारसारख्या पार्ट-टाइम यंत्रणेत कोरड्या डांबरावर फोर-हाय टाकून वळलात तर पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्या जुळत नाहीत आणि गिअर्सवर ताण येतो. मातीत न्या, फोर-हाय टाका, मग थांबून लो-रेंज टाका. मालक "कधी वापरलंच नाही, साहेब" असं अभिमानाने सांगत असेल, तर जास्त सावध व्हा. वर्षानुवर्षं न वापरलेली यंत्रणा अडकून बसते. चारही टायर एकाच मापाचे हवेत आणि गाडीखाली वाकून गंज, तेलगळती नक्की बघा.

खरी किंमत कशी काढायची?

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरचा जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्क्यांपर्यंत जाणारा कर ४० टक्क्यांवर आला. टोयोटाने नवीन फॉर्च्युनर साडेतीन लाखांच्या आसपास स्वस्त केली. त्यामुळे कुणी जुन्या ऑन-रोड किमतीच्या टक्केवारीने भाव सांगत असेल, तर आजच्या नव्या गाडीची किंमत समोर ठेवून घासाघीस करा. "सेकंड हँडवर आता १८ टक्के जीएसटी लागतो" हेही ऐकाल. तो डीलरच्या नफ्यावर असतो, पूर्ण किमतीवर नाही. थेट मालकाकडून घेतली तर लागतच नाही.

दिल्लीची गाडी घेणार असाल तर एनओसी, इथली पुनर्नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरा. डिझेलला नव्या गाडीवर तो किमतीनुसार १३ ते १५ टक्के आहे. जुन्या गाडीला वयानुसार कमी होतो, पण माफ होत नाही. १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली की पुनर्नोंदणी टाळता येत नाही. हे सगळं मिळवलं की 'स्वस्त' गाडी बरेचदा पुण्याच्या भावाला येऊन टेकते.

शेवटी काय घेतलं?

आमच्या शीटच्या शेवटी दोनच प्रश्न उरले: गाडी रोज कुठे चालणार, आणि हिवाळ्यात उत्तरेकडे जाणार का? टूरिंग फक्त सह्याद्री, कोकण, कर्नाटक इतकंच असेल आणि रोजचा प्रवास छोटा असेल, तर नीट ठेवलेली बीएस-४ आजही समजूतदार निवड आहे. बहुतेकांत डीपीएफच नाही, गावच्या मेकॅनिकलाही ती कळते. बीएस-३ मात्र टूरिंगसाठी मी सुचवणार नाही, कितीही स्वस्त मिळाली तरी.

मित्राची अडचण ही की त्याचं ऑफिस घरापासून सहा किलोमीटरवर आणि स्वप्न हिवाळ्यातल्या स्पितीचं. एक उत्तर बीएस-४ चं, दुसरं बीएस-६ चं. शेवटी त्याने अकरावी गाडी घेतली. बीएस-६, पुण्याचीच नोंदणी, ८४ हजार किलोमीटर, जवळपास सगळे हायवेचे. कोड पुसल्यानंतरचा आकडा एकवीस हजारांच्या वर. बजेटपेक्षा दीड लाख जास्त गेले.

ऑफिसला तो अजूनही स्कूटरवरच जातो. गाडी शनिवारी सकाळी निघते, लोणावळ्यापर्यंत जाऊन येते. त्याला वाटतं तो फिरायला जातो. खरं तर फिल्टर साफ करायला जातो.